मालकाच्या गोळ्या

एक

दिवाळीनंतरची मंडई म्हणजे जत्रा; तिच्या दुसऱ्या दिवशी लाखनी गाव उशिरा उठतं. घरोघरी पाहुण्यांच्या पथाऱ्या पडलेल्या असतात, रात्रभर नाटक पाहून डोळे तांबारलेले असतात, आणि चूल पेटवायचा उत्साह कोणालाच नसतो. १९८३ सालच्या त्या मंडईनंतर मात्र गाव उजाडतानाच उठलं, कारण निर्वाणांची रुखमा नाटकाहून घरी आली, बापाच्या खोलीचं दार तिने ढकललं आणि तिथेच किंचाळत बसली.

श्यामराव निर्वाण हे उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलचे मालक. मिलला लागूनच त्यांचं घर. ते आपल्या पलंगावर उताणे पडले होते आणि त्यांच्या डोक्याचं डोकं राहिलेलं नव्हतं. कुऱ्हाडीचे तीन घाव होते. पहिल्यातच काम झालं असावं, उरलेले दोन मारणाऱ्याने मनाच्या समाधानासाठी घातले होते. रक्त भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत उडालं होतं. पलंगाच्या पायथ्याशी त्यांची बायको शकुनबाई बसली होती. लुगडं छातीपासून खालपर्यंत माखलेलं, कुऱ्हाड मांडीवर आडवी, आणि डोळे टक्क उघडे.

फौजदार भोजराज गायधने यांच्याविषयी तालुक्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. साहेबांचा हात आधी चालायचा आणि डोकं मागून पोचायचं. पण पोचायचं हे नक्की. खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या. मेलेल्या माणसाने हातसुद्धा उचललेला नव्हता, उजवा पंजा अजून उशीखालीच होता. आणि कोनाड्यात लग्नातल्या आहेराचे, नावं घातलेले दोन स्टीलचे गिलास उष्टे पडले होते. मंडईच्या रात्री भांडी घासायला कोण थांबतं? ‘श्यामराव’ असं कोरलेल्या गिलासाच्या तळाला चहाच्या गाळाखाली पांढरा, चुन्यासारखा जाड थर बसला होता. ‘शकुन’ लिहिलेल्या गिलासातही तो होता, पण अगदी पुसट.

शकुनबाईने एवढंच सांगितलं की कोणी माणूस आत आला होता, पंच्याने तोंड बांधलेला, अंधारात एवढंच दिसलं. तिने त्याला मागून धरलं, त्याने तिला भिंतीवर आपटलं आणि तो पळाला. कुऱ्हाड मालकांच्या डोक्यात राहिली होती ती तिने काढली.

“एवढी झटापट झाली आन् तुझा नवरा उठला नाही?” गायधने ओरडले. “चहात काय घातलं होतंस? गोळ्या ना? कोणाच्या गोळ्या?”

बाईने रुखमाकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले.

“मालकाच्या,” ती म्हणाली.

त्या एका शब्दावर गायधन्यांनी तिला गाडीत घातलं.

दोन

गावात सगळ्यांना माहीत होतं की श्यामराव झोपेच्या गोळ्या खातात. वर्षानुवर्षं शकुनबाई दवाखान्याच्या पायरीशी येऊन ‘मालकाच्या गोळ्या द्या जी’ म्हणायची आणि पुडी पदराला बांधून जायची. बाजारात पोरंटोरं श्यामरावांना मागून ‘झोपाळू सेठ’ म्हणत. ते ऐकून हसायचे, कधी कोणावर चिडले नाहीत.

तेव्हा मामला सरळ होता. बाईने नवऱ्याला त्याच्याच गोळ्या चहातून दिल्या, तो मेल्यासारखा झोपला तेव्हा कुऱ्हाड घातली, आणि हात कापायला लागले म्हणून स्वतःही चिमूटभर घेतल्या. पण झाकण नीट बसलं नाही की भात करपतो हे गायधन्यांना कळत होतं. त्या संध्याकाळी नाटकाला जायच्या आधी निर्वाणांच्या ओसरीवर आणखी तिघांनी चहा घेतला होता; नवरा-बायको नाटकाला न जाता आपले गिलास घेऊन खोलीत गेले होते. त्या तिघांना त्यांनी एकेक करून बोलावलं.

पहिला श्यामरावांचा धाकटा भाऊ गोपीचंद. एकाच छपराखाली राहणारा, आडदांड आणि तापट. दसऱ्याला मिलच्या आवारात दोघा भावांनी एकमेकांना लोळवून मारलं होतं आणि त्यात गोपीचंदचा पुढचा दात गेला होता. गायधन्यांनी त्या पडलेल्या दाताच्या जागेकडे बोट करून विचारलं, तर तो पठ्ठ्या हमसून रडायला लागला. भावाने मारलं ते भावाने मारलं, म्हणाला, त्यात तिसऱ्याने काय पाहायचं. गोळ्यांचा विषय निघाला तेव्हा मात्र त्याची नजर जमिनीला खिळली.

“त्या... दादाच्याच होत्या जी,” तो पुटपुटला.

दुसरा मिल चालवणारा सुखराम. त्याच्याशी बोलायचं म्हणजे घसा बसायचा, कारण आयुष्यभर मशीनच्या खडखडाटात उभं राहून त्याचे कान गेले होते. चहा त्यानेच केला होता. गिलास ताटलीत मांडून ठेवले आणि भट्टीची लाकडं पाहायला मागे गेला. तेवढ्यात ओसरीवर कोण काय करत होतं ते त्याला दिसलं नाही. पण एक गोष्ट त्याने आपणहून सांगितली. मंडईच्या आदल्या आठवडी बाजाराच्या दिवशी मालकांनी जागेश्वर कंपाउंडरला मिलच्या दाराशी गाठून छातीवर बोट रोवलं होतं. जागेश्वरचं तोंड पांढरं पडलं होतं.

“काय म्हटलं मालकानं?” गायधने त्याच्या कानाशी ओरडले.

“मले काय ऐकू येते साहेब? मी तोंडं पाहिले फक्त.”

तिसरा हा जागेश्वरच. ज्या डॉक्टरच्या हाताखाली तो गोळ्या मोजायचा ते डॉक्टर कधीच वारले होते, पण दवाखाना बंद झाला नाही. कंपाउंडरच डॉक्टर झाला. गळ्यात नळी, टेबलावर स्टोव्ह, स्टोव्हवर सुया उकळणारं भांडं, आणि बाहेर बायाबापड्यांची रांग. मंडईच्या नाटकातला राजाही तोच. अंगात गुण होते, नाही कोण म्हणेल? श्यामरावांशी काय बोलणं झालं ते त्याने न अडखळता सांगितलं. मालक म्हणाले, गोळ्यांचा जोर चालत नाही, बदलून दे.

“अठरा-वीस वर्षांची सवय आहे साहेब त्यायची,” तो समजावणीच्या सुरात म्हणाला. “आपल्यासारख्याले पाचात गुंगी येईल, मालकाले वीस-पंचवीस लागतील. बाईनं ते बरोबर जोखलं. बाईचं काय, तिनं कधी एक गोळी चाखली नाही. तिले चिमूटभर पुरे.”

गायधन्यांनी मान हलवली. जागेश्वर गेल्यावर हवालदार परसराम, जो नाटकाचं नाव काढताच घरदार विसरायचा, खुदकन हसला. म्हणाला, साहेब, या राजाने त्या रात्री मोठी गंमत केली. तिसऱ्या अंकात त्याचं काम नव्हतं. चौथ्यात त्याला प्रधान तलवारीने मारतो. पण हा मरायच्या आधीच रक्ताने भिजलेला अंगरखा घालून आला. आख्खं पब्लिक हसलं. कुंकवाच्या पाण्याची बाटली अंगावर सांडली म्हणे.

गायधनेही हसले. साहेबांचं डोकं अजून वाटेतच होतं.

तीन

कोठडीत पहिले दिवस शकुनबाई गप्प होती. ठाण्याची झाडलोट करणाऱ्या कुंताबाईला तिच्यापाशी बसवलं होतं. मग बाईचे हात थरथरू लागले. खाल्लेलं पोटात टिकेना, झोप तर नावाला नाही. बाहेर ट्रकने हॉर्न दिला की ती कान दाबून भिंतीत शिरायला बघायची. अंगावर मुंग्या चालतात म्हणून तिने दंडाची कातडी नखांनी सोलून काढली. आठवडा भरत आला तसं तिचं बळ वाढलं की काय कोण जाणे, आवरायला गेलेल्या कुंताबाईच्या मनगटाचा तिने लचका तोडला आणि गजांवर कपाळ आपटून आपटून फोडून घेतलं. रक्त भुवईवरून तोंडात जात होतं आणि ती ते थुंकत होती.

शिपाई म्हणाले अंगात आलं. कुंताबाई रडत म्हणाली, नवऱ्याचं भूत आहे, सोडणार नाही. गायधने म्हणाले पाप आहे, बाहेर निघून राहिलंय. वरून रोज फोन येत होता की कबुली झाली का. त्यांनी कागद मागवला, गजांशी उभे राहिले आणि विचारलं, तूच मारलंस ना?

“हाव, मीच मारलं,” शकुनबाई म्हणाली. “काय लिवाचं ते लिवा. फक्त हा आवाज बंद करा.”

“कोणता आवाज?”

त्या वेळी कसलाही आवाज नव्हता. मिल बंद होती, रस्ता रिकामा होता, समोरच्या पिंपळावर कावळासुद्धा नव्हता. गायधन्यांना आपल्या हातातला कागद एकदम नकोसा झाला. कबुल्या त्यांनी पुष्कळ घेतल्या होत्या, काही चोपूनही घेतल्या होत्या, पण डोकं दुखतं म्हणून फाशी मागणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर साहेब घाबरले.

अंगठ्याला शाई लावायला परसराम पुढे झाला आणि त्याच क्षणी बाईचं अंग लाकडासारखं ताठ झालं. ती धाडकन पडली. हातपाय फरशीवर आपटायला लागले, दात जिभेत रुतले, ओठ निळे पडले. कुंताबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. झटका थांबला आणि लगेच दुसरा आला.

“भंडाऱ्याले फोन लाव,” गायधने ओरडले. “डॉक्टरीणबाईले म्हणा, गाडी पाठवतो. कारध्याचा पूल बंद असला तर पोहत या म्हणा.”

चार

डॉ. ललिताबाई भुरे ठाण्यात पोचल्या तेव्हा शकुनबाईला तिसरा झटका येत होता. त्यांनी एकच विचारलं, या बाई झोपेच्या गोळ्या घेत होत्या का? गायधने म्हणाले, नाही, नवरा घ्यायचा. ललिताबाईंनी ते ऐकल्यासारखं केलं नाही. त्यांनी शिरेत सुई घातली आणि हळूहळू औषध सोडत गेल्या. एक कुपी झाली, दुसरी झाली. तिसरी फोडली तेव्हा परसराम कुजबुजला, बाई, मरन ना ती.

शकुनबाई मेली नाही, झोपलीसुद्धा नाही. अंग सैल पडलं, श्वास खाली बसला. तिने डोळे उघडले आणि शहाण्या माणसासारखं पाणी मागितलं.

“एवढ्या औषधात तुम्ही उद्या दुपारपर्यंत घोरत पडला असता, फौजदार,” ललिताबाई म्हणाल्या. “ही बाई पाणी मागते. याला किती वर्षं लागतात माहीत आहे?”

गायधन्यांना कळेना तेव्हा ललिताबाईंनी बाकावर बसलेल्या सुखरामकडे बोट केलं. तो रुखमाला घेऊन आला होता. मेंदूत गाबा नावाचा एक रस असतो, त्या सांगू लागल्या. तो पेशींना सारखं सांगत असतो की शांत व्हा. पेशींवर ते ऐकणारे कान असतात. ही गोळी त्या कानांना तोच निरोप मोठ्याने ऐकवते. पहिल्या दिवशी मोठं सुख वाटतं. पण वर्षानुवर्षं कानाशी ओरडा चालला तर काय होतं? सुखरामचं झालं तेच. कान मंद होतात, मग गोळ्या वाढवाव्या लागतात. आणि एक दिवस गोळ्या एकदम काढून घेतल्या की ‘शांत व्हा’ हे कोणालाच ऐकू येत नाही. मग आख्खा मेंदू बेफाम होतो. हे कान शास्त्रज्ञांना सापडून पाच-सहा वर्षंच झाली आहेत, आत नेमकं काय बिघडतं यावर अजून वाद चालू आहेत. पण बिघडतं ते हे समोर पडलंय.

“म्हणजे मालकाच्या गोळ्या...” गायधने थांबले.

रुखमा भिंतीला टेकून रडत होती. शकुनबाईने तिला जवळ बोलावलं, बोलू का म्हणून नजरेनेच विचारलं, आणि पोरीने मान हलवली.

शकुनबाईची आई वेड लागून नागपूरच्या दवाखान्यात मेली होती. रुखमा झाल्यावर शकुनबाईलाही भीती वाटू लागली. छातीत धडधड, रात्रभर डोळा नाही. गोळ्यांनी बरं वाटलं. पण वेडीची पोर वेड्याच्या गोळ्या खाते हे गावात झालं असतं तर घरादाराला कोणी दारात उभं केलं नसतं. तेव्हा श्यामरावांनीच डॉक्टरांना सांगितलं की या माझ्याच गोळ्या. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतंच. ती ‘मालकाच्या गोळ्या’ म्हणायची आणि कोणी पुढे विचारायचं नाही. त्या माणसाने आयुष्यात एक गोळी जिभेवर ठेवली नव्हती. बायकोसाठी ‘झोपाळू सेठ’ म्हणवून घेत होता. घरात गोपीचंदला तेवढं माहीत होतं. आता रुखमाची सोयरीक लाखांदूरला ठरली होती, म्हणून सगळ्यांनी तोंडं शिवली होती.

“चहा तूही प्यालीस?” गायधन्यांनी विचारलं. या वेळी ते ओरडले नाहीत.

“प्याली जी. मालक बोलता बोलता झोपले. मले नुसती गुंगी होती. पहिला घाव ऐकूनच उठली मी.” ती थांबली. “डॉक्टर गेल्यावर जागेश्वरनं दोनाच्या दहा केल्या. मालकाले ते नागपूरच्या डॉक्टरापासून समजलं. ते त्याले म्हणून आले, तुनं मले विष चारलं, पोरीचं लगन झाल्यावर तुले भंडाऱ्याच्या कोर्टात नेतो.”

“‘मले’ म्हणाले? ‘बायकोले’ नाही?”

“अखेरपर्यंत ‘मले’च म्हणाले,” शकुनबाई म्हणाली आणि तेव्हा पहिल्यांदा रडली.

साहेबांचं डोकं पोचलं.

पाच

गायधने दवाखान्यात शिरले तेव्हा रांग पायरीपर्यंत होती. जागेश्वर स्टोव्हपाशी बसला होता, भांड्यात सुया खळखळत होत्या. गायधन्यांनी रोग्यांना बाहेर काढलं, परसरामला मागच्या खोलीत पाठवलं आणि स्वतः स्टुलावर बसले.

त्यांनी शांतपणे सुरुवात केली. ताटलीपाशी तिघे होते. गिलासांवर नावं होती, म्हणजे कोणाच्या चहात किती घालायचं ते मारेकऱ्याला ठरवता येत होतं; त्याने श्यामरावांच्या गिलासात मूठभर घातलं आणि शकुनबाईच्या गिलासात चिमूटभर. सुखरामच्या लेखी गोळी म्हणजे गोळी, त्याने दोघांना सारखीच घातली असती. गोपीचंदला घरातली खरी गोष्ट माहीत होती. त्याने घातली असती तर उलटी, वहिनीला मूठभर आणि भावाला चिमूटभर. बाईने स्वतः घेतली म्हणावं तर रोज दहा पचवणारीला चिमटीने काय होणार, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

“उरला तो एकच,” गायधने म्हणाले. “ज्याले माहीत आहे की सवयीच्या मानसाले जास्त लागते. आन् ज्याले वाटते की सवय मालकाले होती. बाई बेशुद्ध पडली की कुऱ्हाड तिच्या हातात देऊन निघून जाचं होतं तुले, नाही? माझ्यासमोर तूच बोलला होतास, तिले चिमूटभर पुरे.”

“काय बोलून राहिले साहेब? मालकच तर...”

“मालकानं जन्मात एक गोळी खाल्ली नाही.”

जागेश्वरच्या चेहऱ्यावर काय काय झालं ते पाहण्यासारखं होतं. भीती तर आलीच, पण तिच्याआधी अपमान आला. वर्षानुवर्षं आपण गोळ्या कोणाला देत होतो हेच या डॉक्टरला माहीत नव्हतं.

परसराम मागच्या खोलीतून राजाचा अंगरखा घेऊन आला. भाड्याचा नव्हे, जागेश्वरचा स्वतःचा, हौसेने शिवलेला. धुऊन दोरीवर टाकला होता. बाहीवर आणि पोटावर कुंकवाच्या पाण्याचे डाग गुलाबी होऊन पसरले होते. पण छातीवरचे, शिंतोड्यासारखे बारीक, तपकिरी काळे पडले होते आणि जरीत घट्ट बसले होते. परसरामला आता हसू येत नव्हतं.

जागेश्वरने भांडं उचललं आणि उकळतं पाणी सुयांसकट गायधन्यांच्या तोंडावर फेकलं. त्यांनी कोपर आडवं धरलं तरी मान आणि हात सोलून निघाले. तो पेटत्या स्टोव्हसकट टेबल उलथून दाराकडे धावला. गायधन्यांनी त्याला केसांना धरून मागे ओढलं आणि सोललेल्या हातानेच हाणलं. नाक मोडल्याचा आवाज बाहेर रांगेपर्यंत गेला. तो पडल्यावरही ते मारत राहिले. परसरामने कमरेला मिठी घालून साहेबांना बाजूला केलं नसतं तर दुसरा खून तिथेच झाला असता. बाहेर दोन म्हाताऱ्या एकमेकींना विचारत होत्या की आता आपल्या गोळ्यांचं काय. ललिताबाईंनी पुढे आठवडाभर गावात मुक्काम ठोकला तो त्या रांगेसाठीच.

शकुनबाईला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत, ललिताबाईंनी बजावलं. जितक्या हळू चढल्या त्याहून हळू उतरवायच्या, म्हणजे मेंदूतले कान पुन्हा ऐकायला शिकतात. वर्ष लागेल, कदाचित जास्त. मग त्यांनी केसपेपर पुढे ओढला आणि नाव विचारलं.

खोलीत गोपीचंद होता, रुखमा होती, हाताला पट्ट्या बांधलेले गायधने होते. लाखांदूरचे व्याही-विहीण विचारपूस करायला आले होते, तेही दाराशी उभे होते. गोपीचंद घाईने म्हणाला, माझं लिवा जी. त्याचा दादा जसं म्हणाला होता तसंच.

शकुनबाईने त्याच्या दंडावर हात ठेवून त्याला गप्प केलं. लग्न झाल्यापासून उखाण्याशिवाय तिने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं.

“शकुन श्यामराव निर्वाण,” ती म्हणाली. “गोळ्या माह्या आहेत. माह्याच होत्या.”

रुखमाची होणारी सासू दाराशी चपला काढून आत आली आणि पलंगावर शकुनबाईच्या पायापाशी बसली. ललिताबाईंनी नाव लिहिलं, नऊ गोळ्या मोजल्या, दहावी मोडली आणि तिची अर्धीच त्यांच्यासोबत शकुनबाईच्या तळहातावर ठेवली.